फू क्रादुंग: चालतच गाठायचा डोंगर

थायलंडला जाऊन आलो म्हटल्यावर कोल्हापुरात पहिला प्रश्न पट्टाया की फुकेत हाच येतो, आणि लोई असं सांगितलं की पुढं काय विचारावं हेच कुणाला सुचत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढूया. कारण ह्या लोईत एक डोंगर आहे, त्याचं नाव फू क्रादुंग, आणि तो बघून आल्यापासून माझ्या डोक्यातनं तो जाईना झालाय. एवढा मोठा डोंगर, दरवर्षी एवढी माणसं जातात, तरी वर जायला गाडीरस्ता नाही, रोपवे नाही, आणि पावसाळ्यात चार महिने डोंगर सरळ बंद. ज्याला वर जायचंय त्यानं चालायचं. आपल्याकडं असं कुठं होईल का, हा विचार करतच मी खाली उतरलो.

लोई हा थायलंडच्या ईशान्येचा प्रांत, इसान म्हणतात त्या भागाला, बँकॉकपासून रस्त्यानं पाचशेपेक्षा जास्त किलोमीटर. वरच्या अंगाला मेकाँग नदी आणि पलीकडं लाओस देश. विमानानंही जाता येतं, बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरनं लोईला फ्लाईट आहे, पण आम्हाला रस्ता बघायचा होता म्हणून मोचित स्टँडवरनं रात्रीची बस धरली. मी, बायको, ताई आणि दाजी असे आम्ही चौघं. दाजी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करणारे गडी, त्यामुळं त्यांच्या चालण्याची काळजी नव्हती, ताईचं मात्र चाललं होतं की जमंल का मला, गुडघ्याचं काय, आणि त्यात मार्गशीर्ष महिना, म्हणजे गुरुवारचा उपवास पण सोबत. "तू चल तर, जिथं दमशील तिथं बसू," दाजींनी एवढंच सांगितलं आणि विषय संपवला.

पहाटे पहाटे बस पा नोक खाओ नावाच्या ठिकाणी सोडते. रस्त्याच्या कडंला एक एकटाच सुळका उभा, त्याच्या पायथ्याशी दुकानं, आणि तिथनं पुढं सोंगथाव, म्हणजे मागं दोन बाकं टाकलेली पिकअप, ती तुम्हाला पार्कच्या ऑफिसपर्यंत नेते. सोंगथाव भरेपर्यंत थांबायला लागतं. आमच्या गाडीत एका कॉलेजची पोरं होती, एक आजी होत्या नातीबरोबर, आणि भाजीच्या पाट्या. पहाटेचा गारठा असा की तोंडातनं वाफ निघत होती, थायलंडमध्ये हे मला अपेक्षितच नव्हतं.

आता डोंगराचं सांगतो. फू क्रादुंग म्हणजे वालुकाश्माचा डोंगर, चारी बाजूंनी कडे आणि माथ्यावर सपाट पठार, तेही साधारण ६० चौरस किलोमीटरचं. पठाराची उंची हजार-बाराशे मीटरच्या घरात आणि सगळ्यात उंच टोक १३१६ मीटर. १९६२ साली खाओ याई हे थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच्या मागोमाग हे. सगळं उद्यान धरलं तर ३४८ चौरस किलोमीटर. हा आकडा वाचला तेव्हा मी थबकलोच, कारण आपलं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळपास तेवढंच जंगल, तिकडं हत्ती आणि इकडं गवे. ह्यावर पुढं येतोच.

पायथ्याला ऑफिसजवळ सामानाचा काटा आहे. तुमची बॅग काट्यावर ठेवायची, वजन लिहितात, चिठ्ठी बांधतात, एक तुकडा तुमच्या हातात देतात आणि किलोमागं पैसे ठरलेले. मग ती बॅग हमाल वर नेतो. हे हमाल आजूबाजूच्या गावातले, बाप्ये पण आणि बायका पण, खांद्यावर बांबूची कावड आणि दोन्ही टोकांना बॅगा बांधलेल्या. नुसत्या बॅगाच नाही, वरच्या दुकानांचा तांदूळ, पाणी, गॅस, अंडी, सगळं ह्याच कावडीवरनं जातं. पन्नास-साठ किलो घेऊन चढणारे आहेत त्यात. मी एकाच्या मागं बराच वेळ चाललो. त्यांचं चालणं धावण्याच्या आणि चालण्याच्या मधलं असतं, पावलं बारीक, बांबू वरखाली होतो त्या तालावरच पाय पडतो, खांद्यावर घडी घातलेलं फडकं, आणि दर थोड्या अंतरानं मान खाली घालून हा खांदा सोडून त्या खांद्यावर कावड घेतात, पण पाय थांबत नाहीत. हातात एक काठी असते, थांबायचं असलं की ती काठी कावडीखाली लावतात, म्हणजे ओझं जमिनीवर न टेकवताच उभ्या उभ्या दम खाता येतो. ते मागनं आले की सगळे बाजूला होतात, कुणी सांगायला लागत नाही, पोरं सेल्फी काढत असतील तरी भिंतीला चिकटून उभी राहतात. मला हे फार भावलं. पाहुणे दुसऱ्या नंबरला आणि ओझेवाला पहिल्या.

चढण साडेपाच किलोमीटरची. सकाळी सातला सोडायला सुरू करतात आणि दुपारी दोननंतर कुणाला वर सोडत नाहीत, अंधारात कुणी वाटेत अडकू नये म्हणून. पहिला किलोमीटर सगळ्यात वाईट, साम हेक नावाचा पहिला टप्पा येईपर्यंत छाती भरून येते, आणि बरेच लोक तिथंच विचारात पडतात की परत जावं का. मग मधले टप्पे जरा सोपे, बांबूची बनं, सावली, आणि प्रत्येक टप्प्यावर दुकानं. शेवटचा टप्पा साम खेपासनं वर, तिथं मोठमोठे धोंडे आणि लोखंडी जिने, हात लावून चढायला लागतं. ताई प्रत्येक टप्प्यावर बसली, पाणी प्याली आणि उठली. आणि ज्या आजी सोंगथावमध्ये होत्या त्या आमच्या आधी वर होत्या.

टप्प्यांवरच्या दुकानांचं सांगायलाच पाहिजे. कळकाच्या छोट्या टोपलीत चिकट भात, तो हातानं गोळा करून खायचा, भाजलेली कोंबडी आणि सोबत 'जेव' नावाची झणझणीत चटणी. वाळकी मिरची, भाजून दळलेला तांदूळ, लिंबू आणि फिश सॉस, एवढंच असतं त्या जेवमध्ये, पण पहिला घास घेतला आणि दाजी म्हणाले "अरे हा तर आपला खर्डा!" शेंगदाण्याऐवजी तांदूळ एवढाच फरक. तांबडा रस्सा रोजचा असणाऱ्या माणसाला इसानमध्ये उपाशी मरायची भीती नाही हे मी लेखी देतो. शाकाहारी माणसाचं मात्र अवघड आहे, फिश सॉस सगळीकडं असतो, अगदी सोम तम ह्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुद्धा. ताईनं गुरुवारी केळी, उकडलेले शेंगदाणे आणि रताळ्यावर काढलं, आणि दुकानवाल्या बाईंना खुणेनं हात जोडून देवाचा उपवास आहे असं दाखवलं तर त्या बाईंनी रताळ्याचे पैसेच घेतले नाहीत. भाषा एका शब्दाची कळत नव्हती.

चढ संपतो तिथं लांग पे. एकदम आभाळ मोकळं होतं. एक पाटी आहे, आयुष्यात एकदा आम्ही फू क्रादुंग जिंकला अशा अर्थाची, तिथं फोटोची रांग लागते. आम्ही पण लागलो रांगेत, ताईला मधी उभं केलं. आणि मग कळतं की तंबूची जागा अजून तीन-साडेतीन किलोमीटर पुढं आहे, पण सगळं सपाट. आणि हे सपाट चालणं म्हणजे ह्या सगळ्या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं. पांढरी वाळू पायाखाली, दोन्ही बाजूला पिवळं गवत आणि त्यात पाईनची झाडं, एकमेकांपासनं अंतर राखून उभी. वारा सुटला की पाईनमधनं एक लांब आवाज येतो, गाडीचा एकही हॉर्न नाही. वर एकच वाहन दिसतं, भाड्याची सायकल.

तंबूच्या जागेला वांग क्वांग म्हणतात. तंबू, गादी, पांघरूण सगळं तिथं भाड्यानं मिळतं. रात्री पारा दहाच्या खाली जातो, आम्ही स्वेटर, कानटोपी, शाल सगळं घालून झोपलो. संध्याकाळी सांबरं तंबूंच्या मधनं फिरतात. एक मादी आमच्या तंबूपासून चार हातांवर उभी होती, कानाच्या कडा फाटक्या, नाक ओलं, श्वासाची वाफ दिसत होती. तिला काही खायला घालायचं नाही अशी सूचना सगळीकडं लावलीय आणि लोक पाळतात पण बऱ्यापैकी.

पहाटे पाचला पार्कचे कर्मचारी सगळ्यांना गोळा करून पा नोक ॲन ह्या कड्यावर नेतात, सूर्योदयाला. एकट्यानं जायचं नाही, कारण हत्ती. पठारावर जंगली हत्ती आहेत आणि ते खेळणं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका पर्यटक बाईंचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला, त्यानंतर काही दिवस डोंगर बंद ठेवला होता. हत्तीचा वावर दिसला की त्या बाजूच्या वाटा बंद करतात, मग तुमचा धबधबा राहिला तर राहिला. आमचंही एका धबधब्याचं असंच झालं, बांबू आडवा लावून ठेवलेला आणि एक माणूस बसलेला. कुणी हुज्जत घातली नाही.

जो धबधबा बघायला मिळाला तो थाम याई. डिसेंबरात पाणी अगदी कमी, पण तिथं लोक पाण्यासाठी येतच नाहीत, येतात पानांसाठी. तिथं मेपलची झाडं आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत पानं लाल होऊन गळतात. काळा ओला खडक, त्यावर शेवाळ, आणि शेवाळावर लाल पानं पडलेली. बायकोनं तिथं अर्धा तास नुसतं बसून काढला, फोटो सुद्धा काढला नाही.

आणि पा लोम साक. हा कडा तंबूपासून नऊएक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दिवस जातो. खडकाची एक फळी पुढं हवेत आलेली आणि तिच्या शेजारी एक पाईन, सूर्य त्याच्या मागं मावळतो. थायलंडच्या प्रत्येक कॅलेंडरवर असेल हे चित्र. वाट कड्याच्या कडंकडंनं जाते आणि मधी मधी बसायला जागा आहेत, घाई न करता गेलं तर ही वाटच कड्यापेक्षा चांगली आहे असं माझं मत. परत येताना अंधार होतो, बॅटरी पाहिजेच, आणि सगळ्यांनी एकत्र यायचं. बॅटऱ्यांची रांगच्या रांग वाळूतनं चाललेली, पुढं एक कर्मचारी आणि मागं एक.

आता राधानगरीचं. १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य, म्हणजे आताचं राधानगरी, जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, फू क्रादुंगच्याही चार वर्षं आधी. त्याच्याही आधी ते शाहू महाराजांचं राखीव शिकारीचं जंगल होतं, म्हणून तर टिकलं. तिथनं भोगावती नदी येते आणि शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणात अडते. तिकडं फू क्रादुंगवरनं पोंग नावाची नदी निघते आणि खाली खोन केन प्रांतात उबोलरतन धरणात जाते, १९६६ चं धरण. म्हणजे दोन्हीकडं वरचं जंगल म्हणजे खालच्या रानाचं पाणी. दाजीपूर पण पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळं आपल्याला हे जमत नाही असं नाही. पण पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सप्टेंबरात फुलं आली की काय होतं ते आपण सगळे बघतो, गाडी थेट फुलांवर, टायरच्या चाकोऱ्या जांभ्यावरच्या चार बोटं मातीत, आणि ती माती एकदा गेली की परत यायला किती वर्षं लागतील देव जाणे. फू क्रादुंग जून ते सप्टेंबर बंद असतो, वाटा निसरड्या होतात म्हणून आणि डोंगराला पण विसावा म्हणून, आणि त्या चार महिन्यांत हमाल लोक आपापल्या शेतात भातलावणी करतात. एक ऑक्टोबरला उघडतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ह्या डोंगराला रोपवे करायचा का हा वाद तिकडं कित्येक दशकं चाललाय. करा म्हणणाऱ्यांचं पण खोटं नाही, म्हाताऱ्या माणसांनी, ज्यांना चालता येत नाही त्यांनी बघायचाच नाही का, आणि कुणी वर आजारी पडलं तर स्ट्रेचरवरनं चालत खाली आणायला लागतं. नको म्हणणारे म्हणतात की तासाला शेकडो माणसं वर गेली तर पाणी, कचरा, हत्ती ह्यांचं काय, आणि ह्या कावडवाल्यांचं काय. मी ताईला वर बघितलंय, गुडघ्याला पट्टा बांधून, पाटीशेजारी उभी. माझं मत नको ह्याच बाजूला आहे, आणि ताईचंही तेच. ती म्हणाली, "पाळण्यात बसून आले असते तर एवढी बसले असते का मी वर?"

उतरल्यावर दोन दिवस पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून चियांग खानला जा. मेकाँगच्या काठावरचं लाकडी घरांचं गाव, एक लांब गल्ली, संध्याकाळी ती बाजाराची होते, आणि पहाटे त्याच गल्लीत लोक चटया टाकून बसतात आणि भिक्खूंच्या पात्रात चिकट भाताचे घास घालतात. खोबऱ्याची मिठाई इथली नावाजलेली. गावाबाहेर फू तोक टेकडीवर पहाटे गेलं की खाली सगळं धुकं आणि धुक्यात बुडालेली मेकाँग. पण मला तिथं जास्त लागून राहिलं ते नदीचं. वरच्या अंगाला लाओसमध्ये सायाबुरी धरण २०१९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, १२८५ मेगावॉटचं, आणि त्यातली ९५ टक्के वीज थायलंडच घेतो. त्याच वर्षाच्या शेवटी गढूळ असणारी मेकाँग निळी दिसायला लागली. लोक फोटो काढायला गेले, पण निळं पाणी म्हणजे गाळ वरच अडला, आणि गाळ नाही तर काठच्या शेताला खत नाही आणि माशाला खाणं नाही. २०१९ ला आपल्या घरात पंचगंगा शिरली होती त्या वर्षीची ही गोष्ट. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची हा शब्द ज्यांच्या घरात जेवताना निघतो त्यांना मेकाँगच्या काठावर वेगळं काही समजावून सांगायला लागत नाही. फरक एवढाच की आपण पाणी जास्त येतंय म्हणून ओरडतो आणि ते पाणी कधी येईल आणि कधी जाईल ह्याचा भरवसा राहिला नाही म्हणून.

दान साय गाव वाटेत झालं तर करा. तिथला फी ता खोन हा भुतांच्या मुखवट्यांचा उत्सव जून-जुलैच्या सुमारास असतो, आम्ही गेलो तेव्हा नव्हता, पण वात फोन चाय मंदिरात मुखवटे ठेवलेत. भात वाफवायची कळकाची टोपली उलटी करून त्याचं टोपडं आणि नारळाच्या झावळीच्या बुडख्याचा चेहरा, वर लांब नाक. गावातच फ्रा थात सी सोंग राक हा स्तूप, अयुथ्या आणि लान सांग ह्या दोन राज्यांनी मैत्रीची खूण म्हणून १५६० ते १५६३ मध्ये बांधला. तिथं लाल कपडे घालून आत जात नाहीत, लाल फुलं पण नेत नाहीत, कारण लाल म्हणजे रक्त. बायकोच्या खांद्यावर लाल ओढणी होती, ती आधीच गाडीत ठेवायला आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. १ मे २०२५ पासून थायलंडला उतरायच्या आधी ऑनलाईन टीडीएसी, म्हणजे थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, हा फॉर्म भरायला लागतो, तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊ नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढताना बघून घ्या. लाल पानं पाहिजेत तर डिसेंबरचा शेवट, पण नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुट्टीत थाई लोकांचीच तुफान गर्दी असते, त्यामुळं ते आठ-दहा दिवस टाळा. तंबूचं बुकिंग आधी. बॅग हमालाकडं दिली तरी पाणी, शाल, औषधं आणि बॅटरी स्वतःजवळ ठेवा, कारण बॅग तुमच्या मागनं पोचू शकते. गुडघ्याचा पट्टा उतरताना बांधा, चढताना नाही बांधला तरी चालतो. आणि हमालाला वर पोचल्यावर ठरलेल्या पैशाच्या वर काही द्यायचं मनात आलं तर हातात द्या, चिठ्ठीबरोबर ऑफिसात नको.